सासूबाईंच्या विटा

तपश्चर्येसाठी हिमालयात जावे लागते असे म्हणणाऱ्यांनी माझ्या सासूबाईंना मोखाड्यातल्या घराच्या ओट्यावर विटांचा गेम खेळताना पाहिलेले नाही. तळहातात मावणारे ते यंत्र या जावयाने बाजारातून आपल्या मुलीसाठी घेतले होते. वरून वेड्यावाकड्या विटा पडतात, त्या फिरवून बसवायच्या. ओळ भरली की नाहीशी होते आणि वर पुढची वीट हजर. "बघू, काय आहे ते," असे म्हणून सासूबाईंनी ते घेतले, आणि मुलीला दुसरे खेळणे आणावे लागले. बत्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाई, पण त्यांना फट म्हणून सहन होईना. जव्हारच्या जीपमध्ये "तुम्ही जरा आडवे व्हा, या ताईंना उभं सरकू द्या" असे म्हणत त्या चौदा माणसे बसवीत आणि ड्रायव्हर हात जोडी. एकदा एक पुढारी फोटोवाल्यासह त्यांचा सत्कार करायला घरी आले. "शाल घाला खांद्यावर," सासूबाई म्हणाल्या, "मान वर करायला आत्ता सवड नाही." फोटोत पुढारी आणि अंबाडा आला आहे.

त्यांना नमवायचा होता एकच माणूस, साखरशेतचा थोरला भाऊ. दादा दर भेटीत विचारायचे, "बाय, म्हातारपणी पोरांचा खेळ? शंभर तरी झाले का?" एका दुपारी माझ्यादेखत सासूबाईंनी अठ्ठ्याण्णव हजार चारशे गुण केले. पण सेल संपत आले होते, आणि सेल काढले की आकडा पुसला जाई. दादा चार दिवसांनी बाजाराला येणार होते. चार दिवस बाईंनी यंत्राला हात लावला नाही. घरातले तांदूळ मात्र तीनदा निवडून झाले.

दादा आले. सासूबाईंनी आकडा त्यांच्यापुढे धरला. दादांनी यंत्र जवळ नेले, लांब धरले, उन्हात तिरके केले आणि म्हणाले, "हां, झाले की शंभर."

सासूबाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले. "दादा, माझी बोटं किती?"

"नाटकं नको करू."

"किती?"

बाईंनी दादांचा दंड धरला आणि पहिल्या जीपने जव्हारचा दवाखाना गाठला. यंत्र ओट्यावर सुरूच राहिले आणि तिथेच विझले.

मोतीबिंदू काढून झाल्यावर दादा मुद्दाम आले. "आता दाखव तुझा आकडा." नवे सेल घातले, आकडा शून्य.

"होता. विचार जावईबापूंना."

मी साक्ष दिली. "जावई सासूच्या विरुद्ध बोलेल होय?" दादा हसले.

सासूबाईंनी खेळ सुरू करून यंत्र दादांच्या हातात दिले. "डावीकडे घे. अरे, डावीकडे!" दादांना वीट स्पष्ट दिसत होती, ती बसत मात्र कुठेच नव्हती. फटीवर फट राहत गेली, आणि सासूबाई मांडीवर हात ठेवून, बारीक हसत, नुसत्या भावाच्या डोळ्यांकडे बघत होत्या.