सोनावणेमामांचा फळा

सोनावणेमामा पारोशा माणसाला नोकरी सांगत नसत. सकाळी साडेनऊला ते विहाराच्या भिंतीवरच्या फळ्यासमोर खडू घेऊन उभे असायचे. तेवढ्यात कुणी डोळे चोळत, झोपेतल्याच कपड्यांत आला, की मामा लिहिलेल्या ओळींपुढे आडवे व्हायचे. "जा, अंघोळ करून ये. फळा कुठं पळून जात नाय." आणि तो माणूस खरंच जायचा. अंबरनाथच्या आमच्या वस्तीतली कितीतरी पोरं त्या फळ्यापायी सकाळची अंघोळ करायला लागली, असं त्यांच्या आया सांगत.

फळा खरं तर सुविचारांसाठी होता. विहाराच्या कमिटीने तो लावला तेव्हा रोज एक चांगलं वाक्य लिहायचं ठरलं होतं. महिनाभर वाक्यं आली, मग एकच वाक्य अख्खा पावसाळा राहिलं. एक दिवस मामांनी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि त्या जागी लिहिलं, "पाहिजेत. फिटर दोन, आयटीआय. हेल्पर चार. पाण्याच्या टाकीसमोरची कंपनी, मागचे गेट." कमिटीचे सेक्रेटरी तणतणत आले. "सोनावणे, सुविचार कुठे गेला?"

"खाली लिहितो की," मामा म्हणाले आणि खाली लिहिलं, "वॉचमनला आधी नमस्कार करावा."

तेव्हापासून यादीखाली रोज मामांचा स्वतःचा एक सुविचार यायला लागला. "फाइल छातीशी धरू नये, माणूस घाबरलेला दिसतो." "थांबायला सांगतील, डबा नेलेला बरा." ज्या दिवशी कुठेच काही नसायचं त्या दिवशीही फळा कोरा राहत नसे. तारीख घालून ते लिहायचे, "आज काही नाही. उद्या येऊन बघावे."

मामा स्वतःच बेकार होते, हे सांगायचं राहिलं. आईच्या गावचे म्हणून माझे ते मामा. एकोणीस वर्षं ते एमआयडीसीतल्या एका कंपनीत बॉयलरवर होते. बॉयलर चालवायला परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवावं लागतं. मामांचं सर्टिफिकेट घरात शिरल्या शिरल्या समोर दिसेल असं फ्रेम करून लावलेलं होतं. कंपनी बंद पडली तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि त्या वयाच्या माणसाला कायमचं कुणी घेत नव्हतं. कुठे कुणी रजेवर गेला की चार दिवसांची बदली मिळायची, बाकी घर मामींच्या हातांवर चालायचं. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे यायचे, मामी त्यांचे सुटे धागे कापायच्या. दुपारी मामाही कात्री घेऊन त्या निळ्या ढिगात बसत. सकाळ मात्र त्यांची स्वतःची होती. सहाला सायकल काढायची, एमआयडीसीच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या, गेटागेटांवरचे 'पाहिजेत'चे कागद वाचायचे, वॉचमनांशी गप्पा मारायच्या आणि साडेनऊला फळ्यापाशी हजर. त्यांना कुणी बेकार म्हटलं की ते शांतपणे दुरुस्त करायचे. "बेकार नाय. शोधावर हाय."

वस्तीतली पोरं म्हणायची, "मामा, व्हॉट्सॲपचा ग्रुप काढू ना. कशाला खडू घासत बसता?" मामांना ते पटत नसे. "ग्रुपवर टाकलं की माणूस पडल्या पडल्या वाचतो आणि पडूनच राहतो. फळा वाचायला चालत यावं लागतं. चार लोक भेटतात. तू कुठं जातोस, मी कुठं जातो, बोलणं होतं. त्यातच अर्धं काम आहे, भावा." पोरं त्यांच्या पाठीमागे फळ्याचा फोटो काढून घ्यायचीच. मामा तेवढ्यापुरते फडकं धुवायला नळावर जायचे.

मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन, आणि वीस महिने घरी होते. पहिल्या वर्षी मी खूप फिरले. बदलापूरला दोन कंपन्यांत जाऊन आले, उल्हासनगरला एका रंगाच्या कारखान्यात गेले. तिथले शेठ फाइल चाळून म्हणाले, "बेटा, फोन करेंगे." फोन येणार नाही हे मला पुढेपुढे त्या 'बेटा'वरूनच कळायला लागलं. मग मी जाणंच सोडलं. अकरा-अकरापर्यंत झोपायचे. आई स्थळांचं बोलायला लागली की पांघरूण डोक्यावर ओढायचे. शेवटी आई मामांपुढे रडली.

मामा आले, उंबऱ्यावर बसले, चहा प्यायले. मला वाटलं आता जिद्दीवर भाषण होणार. ते बॉयलरवर बोलले.

"सुजाता, काम नसलं तरी आम्ही आग पूर्ण विझवत नाय. थोडी दाबून ठेवतो. का? बॉयलर एकदा गार पडला की परत स्टीम धरायला अर्धा दिवस जातो. तू गार पडायला लागलीस बघ. रोज एक अर्ज कर. एकच, पण रोज. आणि रविवारी नाय करायचा. शोधणाऱ्याला पण सुट्टी लागते, नायतर डोकं फिरतं."

दुसऱ्या दिवशी ते मला सोबत घेऊन गेले. सायकल हातात धरून ते चालत होते आणि मी बाजूने. मामा गेटांकडे बघण्याआधी वर बघायचे, कारखान्यांच्या चिमण्यांकडे. मी विचारलं तेव्हा त्यांनी एका चिमणीकडे बोट दाखवलं. तिच्यातून काही निघतच नव्हतं, नुसती हवा थरथरत होती. "इथला बॉयलरवाला जुना आहे. हवा बरोबर, कोळसा बरोबर. इथं जागा नाय निघणार." पुढच्या गल्लीत काळाकुट्ट धूर होता. "हे बघ. माल जास्त टाकतोय, हवा कमी देतोय. माणूस नवीन आहे. चार दिवस असाच धूर राहिला तर त्याला काढतील, मग आपण जाऊन विचारायचं." मग सायकल पुढे ढकलत म्हणाले, "त्याला कुणी सांगितलं तर शिकेल पण. तेवढं सांगायला कुणी पाहिजे." त्यांना ती जागा हवी होती आणि तो माणूस टिकावा असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दोन महिन्यांनी फळ्यावर ओळ आली. "लॅब केमिस्ट एक, बी.एस्सी., अनुभव नसला तरी चालेल." मी अंघोळ करून गेले तर माझ्या आधी तिघं ती ओळ उतरवून घेत होते. मी चिडले. "मामा, तुम्हाला माझं माहीत होतं. मला आधी सांगायचं ना!"

"आधी कुणाला नाय," मामा म्हणाले. "फळ्यावर आली की जागा सगळ्यांची. माझा पोरगा असता तरी त्याला इथंच येऊन वाचावी लागली असती." मग हळूच म्हणाले, "बॉयलरची जागा निघते ना, ती पण मी इथं लिहितो आणि मगच जातो. मागं मी लिहिलेली वाचून दुसराच लागला. लागू दे. त्याची पोरं लहान होती."

आम्ही चौघं गेलो आणि मी लागले. पेढे घेऊन गेले तर मामांचा पहिला प्रश्न, "वॉचमनला नमस्कार केलेलास?"

आता पुढचं लिहायचं आहे, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मला लागून पाच महिने झाले होते, अजून कायम केलेलं नव्हतं. आमच्या कंपनीतले बॉयलरचे जुने माणूस गावी जायचं म्हणून नोकरी सोडून निघाले. मॅनेजरनी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, "सर्टिफिकेटवाला कुणी ओळखीत असेल तर आठवड्याभरात बोला. वयाचं काही नाही, काम यायला पाहिजे." वयाचं काही नाही! मामा हे शब्द चार वर्षं शोधत होते. माझ्या ओठांवर त्यांचं नाव आलं होतं. तेवढ्यात लॅबमधले एक सीनियर हसत म्हणाले, "सुजाताला विचारा. यांच्यातला एक आत आला की मागून अख्खी लाइन येते." 'यांच्यातला' म्हणजे कुणातला, ते सगळ्यांना कळलं. सगळे हसले. मीही हसले.

कंपनीत मी पत्ता सांगताना नुसतं 'अंबरनाथ ईस्ट' म्हणत असे, वस्तीचं नाव घेत नसे. मामा आले असते तर वस्ती आली असती, फळा आला असता, त्यांचं ते मोठ्याने 'भाची' म्हणणं आलं असतं. मी स्वतःला समजावलं की आधी कायम होऊ, मग हक्काने सांगू. त्या आठवड्यात मी घरी जाताना विहाराचा रस्ता टाळून मागच्या गल्लीतून गेले. आठव्या दिवशी ठेकेदाराने वांगणीचा एक पोरगा आणून उभा केला. नुकतीच परीक्षा पास झालेला. जागा भरली.

एमआयडीसीत धूर मात्र लपत नाही. पुढच्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती, सकाळी घरी होते. पीठ आणायला निघाले तर मामांनी फळ्यापाशी हाक मारली. "सुजाता, तुमच्या चिमणीचा धूर तीन दिवस काळा येतोय. बॉयलरवर कुणी नवीन आहे का?"

मी म्हणाले, "मला काही माहीत नाही मामा. मी लॅबमध्ये असते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग खडू झटकत म्हणाले, "असू दे. भेटला तर त्याला सांग, थोडं थोडं टाक म्हणावं, घाई नको. आणि हवेची झडप अजून दोन बोटं उघड. आगीचा रंग बघत राहा म्हणावं. होतं, पहिले चार दिवस होतं असं."

मी त्या दिवशी बॉयलर हाउसमध्ये गेले. पोरगा घामाघूम होता. सकाळीच मॅनेजरनी त्याला झापलं होतं, उद्यापर्यंत धूर थांबला नाही तर परत पाठवीन म्हणून. मामांनी सांगितलं होतं ते मी जसंच्या तसं सांगितलं. "मॅडम, आपको कैसे मालूम?" तो म्हणाला. एका जाणत्या माणसाने सांगितलं, मी म्हणाले. संध्याकाळपर्यंत धूर फिका पडला आणि दुसऱ्या दिवशी चिमणीवर नुसती हवा थरथरत होती.

त्या दिवशी मामा फेरी आटपून आले तेव्हा मी मुद्दाम फळ्यापाशी थांबले होते. सगळं सांगून टाकायचं ठरवून आले होते. सायकल लावता लावता तेच बोलले. "सांगितलंस ना त्याला? शाबास." आवाजात टोचणी नव्हती, मी कितीदा आठवून पाहिलं तरी सापडत नाही. मग ते यादी लिहायला लागले. वेल्डर एक, पॅकिंगला महिला सहा. मी सहावी ओळ होईपर्यंत उभी राहिले आणि घरी आले. शाबासकी घेऊन आले, ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

नंतर मी कायम झाले. मामांना बॉयलर काही मिळाला नाही. बदलापूरला एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर ते वॉचमन म्हणून लागले. सुट्टीच्या दिवशी येऊन फळा लिहायचे, मला भेटले की हसायचे. "आता येणारी पोरं मला नमस्कार करतात. आपलाच सुविचार आपल्याला फळला." मीही हसायचे. सांगायला तेव्हाही वेळ होता. दर वेळी वाटायचं, पुढच्या सुट्टीला नक्की. मग एके दिवशी गेटवरच त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पारोशा पोरांची गोष्ट सांगितली, दाबून ठेवलेल्या आगीची सांगितली. लोक रडता रडता हसले. खाली बसले तर मामींनी माझा हात हातात घेतला. धागे कापून कापून त्यांच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलेला आहे, तो मला लागला.

"तुझं लय कौतुक करायचे गं," त्या म्हणाल्या. "बदलापूरला पण सगळ्यांना सांगायचे. आमच्या सुजातानं त्या नव्या पोराला शिकवलं म्हणून त्याची नोकरी टिकली."

ती नोकरी कोणती होती आणि कुणाची होऊ शकली असती, हे मामांनी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मीही सांगितलं नाही.