मोलगीच्या बाजारात वजनाला लागलेले सेल

मोलगीला जायचं मी ठरवलं ते एका निरोपामुळे. ब्लॉगच्या पत्त्यावर आलेला तो निरोप असा होता: "ताई, तुमच्या यादीतले सेल मागवले. गावातल्या चौदा सोलर दिव्यांत टाकले. महिन्याच्या आत सगळे दिवे बंद पडले. लोक म्हणतात, रमिलाने आमचे चांगले सेल काढून विकले आणि कचरा भरला. आता बाजारात माझ्या टेबलाकडे कोणी येत नाही. माझं काय चुकलं ते सांगा."

'पाचशे रुपयांत घरची कार्यशाळा' ही माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट. पंचवीस वॉटची सोल्डरिंग इस्त्री, साधा मल्टिमीटर, पक्कड, चार्जिंगचं छोटं सर्किट, कुठे काय स्वस्त मिळतं त्याचे दुवे. त्यातच बोटाएवढ्या लिथियम सेलचा एक दुवा होता. दोन वर्षांपूर्वी मी तिथून दोन सेल घेतले होते, मोजले होते, चांगले निघाले होते. म्हणून लिहिलं. मग रमिलाचा निरोप आल्यावर तोच दुवा पुन्हा उघडला. पान तेच, विक्रेता तोच, ग्राहकांनी दिलेले वरचे तारेही तेच. फक्त सेल वेगळा. माझ्या वेळी वेष्टनावर साठवणीचा आकडा २६०० होता, आता ९८००. आजवर मी मोजलेल्या उत्तमातल्या उत्तम सेलमध्येही साडेतीन हजारांच्या वर काही निघालेलं नाही. नऊ हजार आठशे म्हणजे लिटरच्या बाटलीत तीन लिटर दूध आहे असं छापणं.

मी दोन सेल मागवले. वजन केलं: सत्तावीस ग्रॅम. असा खरा सेल पंचेचाळीसच्या आसपास भरतो. मी जिथे प्रयोगशाळा सांभाळते त्या कॉलेजात एका सेलमधली वीज पूर्ण उतरवून, हातमोजे आणि चष्मा घालून तो कापला. (घरी हे करू नका. खरंच करू नका.) आत करंगळीपेक्षा बारीक दुसरा सेल होता आणि त्याच्याभोवती ठासून भरलेली पांढरी पूड. चुकून झालेलं हे काम नव्हे. कोणीतरी बसून विचार केलेला आहे की हातात घेतल्यावर अगदीच पोकळ लागू नये.

राग कोणावर करायचा हे नीट ठरेना, कारण दुवा माझाच होता.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. मी राहते त्या जळगावहून सुरतकडे जाणाऱ्या गाडीने नंदुरबार, साधारण तीन तास. थंडीत गेलात तर शहराबाहेर मिरच्यांची लालभडक पथारी दिसेल. शिंका सुरू झाल्या की नंदुरबार आलं समजा. सामानात चौदा खरे सेल होते, आठवडाभर एकेक करून मोजून घेतलेले, टोकांना चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकच्या डब्यात. आणि खिशात मावेल असा वजनकाटा.

नंदुरबारला एसटीला वेळ होता म्हणून मोबाइलच्या सुट्या भागांच्या एका दुकानात शिरले. लिथियम सेल मागितल्यावर मालकाने तोच ९८०० वाला समोर ठेवला. मी काटा काढला.

"ताई, हाई काय? भाजी लेवाले उनात का?" भाजी घ्यायला आलात का, म्हणजे.

"भाऊ, अठ्ठावीस ग्रॅम. हा खोटा आहे."

"खोटा कसाले? वर लिखेल शे ना!"

"लिहिलेलंच खोटं आहे."

"मंग लिखनाराले जाई सांगा. मी छापेल नही." त्याने सेल उचलून परत खोक्यात टाकला. मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "शिकेल लोक येतस, वजन करतस, लेत काहीच नही."

मी तावातावाने बाहेर पडले आणि बसस्टँडपर्यंत त्याला मनात चार गोष्टी सुनावल्या. मग आठवलं की 'मी छापलं नाही' हेच मीही स्वतःला आठवडाभर सांगत होते. तो निदान काउंटरवर उभा राहून, तोंडावर विकतो.

एसटीने तळोदा मार्गे अक्कलकुवा, बायकांना अर्धं तिकीट. तिथे एका स्वच्छ लॉजवर मुक्काम केला. जेवायला ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ. सकाळी मोलगीची जीप. माणशी ऐंशी रुपये, आणि 'माणशी' या शब्दाचा अर्थ ताणता येतो: दहा जणांच्या जागेत आम्ही सतरा, वर टपावर कोंबड्या. देवगोईचा घाट सुंदर आहे. खिडकीची जागा मिळवा. मला ती मिळाली होती आणि मी निम्मा घाट मनातल्या मनात भाषण जुळवत घालवला, याची लाज वाटते.

रमिला जीपथांब्यावर आली होती. तिशीची, बारीक, बोलताना थेट डोळ्यांत बघणारी. सोलर दुरुस्तीचा छोटा कोर्स करून पाच वर्षं ती बाजारात टेबल लावते. घरी वीज येते-जाते, वरच्या पाड्यांवर तेवढीही नाही. तिथे दिवा म्हणजे सोलरचाच. मी विचारलं, सेल परत का नाही केलेस?

"करून बघितलं ना ताई. पार्सल इथे येतच नाही, अक्कलकुव्याला जाऊन आणावं लागतं. विकणारे म्हणाले, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मी कशाला व्हिडिओ काढू? मला काय माहीत हे चोर आहेत?"

घरी तिने फरसाणाचा एक डबा समोर ठेवला. आत नवे बसवण्याआधी दिव्यांतून काढलेले जुने सेल. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना पट्टी आणि पट्टीवर बॉलपेनने मालकाचं नाव.

"तुम्हीच लिहिलं होतं, जुना लिथियम सेल गिऱ्हाइकाच्या घरी ठेवू नका, लेकरं खेळतात, आग लागते. म्हणून मी कोणालाच परत दिला नाही. आमच्याकडे जुना पार्ट हातात द्यायची पद्धत आहे. नाही दिला, म्हणून म्हणतात विकला."

मी खाटेवर बसले. सेलही माझा आणि संशयाला कारण झालेली सूचनाही माझीच. सूचना बरोबर होती, आजही बरोबर आहे. पण ज्या गावात मोडका भाग हातात मिळणं हीच दुरुस्तीची पावती, तिथे ती पाळणाऱ्या बाईचं काय होईल, हा विचार मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आमचूर, भगर, सुकी मासळी, कपडे, पाट्या, आणि डोंगरावरून पहाटे निघून पायी आलेली माणसं. रमिलाने नेहमीच्या जागी टेबल लावलं. शेजारी खापरहून येणारे चांदीवाले भाऊ, त्यांच्यापुढे काचेच्या पेटीत तोडे आणि पैंजण. रमिलाने चौदाही दिव्यांच्या मालकांना दिवे घेऊन बोलावलं होतं, तरी बरेचसे लांबूनच बघत होते. पुढे आले ते तिचे चुलतसासरे दित्याकाका, बंद दिवा काखेत धरून.

मी बरोबर आणलेलं मोजणीचं यंत्र मांडलं. लावलेला सेल पूर्ण उतरला की त्यात किती साठवण होती ते पडद्यावर दिसतं. खोटा सेल पहाटेच लावून ठेवला होता, त्याचा आकडा दाखवला, समजावून सांगितलं. दित्याकाका त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले आणि चारजण हसले. रमिला माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका म्हणतात, सेलवर पण आकडाच होता. तुमच्या या यंत्रात पण आकडाच आहे."

या बाजाराला पटेल असा काटा शेजारीच होता. मी चांदीवाल्या भाऊंना विचारलं, तुमच्या काट्यावर दोन सेल ठेवू का?

"ठेवा ना. मन्हा काटा कोनाच्या बापले भेत नही."

रमिलाच्या डब्यातला जुना सेल: शेहेचाळीस ग्रॅम. माझ्या यादीतला नवा: सत्तावीस. भाऊंनी भुवया उंचावल्या. "इतला फरक? चांदीमा असं करं तं लोक दुकानले आग लावतीन." मी कापलेला सेल बाटलीत घालून आणला होता, तो दाखवला. एका म्हाताऱ्या बाईने पांढऱ्या पुडीकडे बघून विचारलं, याची भाकरी होते का? हशा झाला आणि मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागून एकजण ओरडला. रमिलाचा चेहरा उतरला. तिने मला अर्थ सांगितला तो असा: "बघा, काट्यानेच दाखवलं. जड सेल काढून घेतले आणि हलके घातले!"

माझा पुरावा तिच्यावरच उलटला होता. मी उभी राहून बोलायला लागले, आवाज चढवून, पुस्तकी मराठीत: फसवणूक, विक्रेता, ग्राहकाचे हक्क. कोणी ऐकत नव्हतं. रमिलाने माझ्या कोपराला हात लावला. "ताई, तुम्ही थांबा आता."

तिने फरसाणाचा डबा कापडावर उपडा केला. मग पट्टीवरची नावं एकेक करून हाका मारत वाचायला लागली. पहिलं नाव दित्याकाकांचं. त्यांनी सेल हातात घेतला, उलटापालटा केला, अंगठ्याने वर-खाली तोलला. रमिलाने पट्ट्या काढून तो त्यांच्याच दिव्यात बसवला, त्यांच्याच हाताने बटण दाबायला लावलं. दिवा लागला नाही. दुसरं नाव, दुसरा सेल, नाही लागला. तिसऱ्यात क्षणभर तांबूस ठिणगीसारखं काही दिसलं आणि विझलं. सातव्या-आठव्या नावाला माणसं हाक मारायच्या आधीच पुढे येऊ लागली. जड होते, पण मेलेले होते, आणि ज्याचा त्याचा ज्याच्या त्याच्या हातात होता. विकलेला एकही नव्हता.

दित्याकाका शेवटी बोलले, या वेळी मराठीत, बहुतेक मलाही कळावं म्हणून. "नवा सेल हातात आला तेव्हा तुला हलका नाही लागला?"

"लागला काका."

"मग?"

"मला वाटलं, ताईंनी लिहिलंय म्हणजे बरोबर असेल."

तिने हे माझ्यावर आरोप म्हणून सांगितलं नाही. साधं, झालं तसं सांगितलं. पाच वर्षं सेल हाताळणाऱ्या बाईच्या हाताला जे कळलं होतं, ते जळगावात बसून मी लिहिलेल्या एका ओळीपुढे तिने खोटं मानलं. विक्रेत्यावरचा माझा राग आजही आहे, तसूभर कमी झालेला नाही. पण ते वाक्य ऐकल्यापासून तो राग करताना मला उभं राहायला जागा सापडत नाही.

मी आणलेले सेल आधी भाऊंच्या काट्यावर, मग दिव्यात, असे बसवले. अकरा जणांनी बसवून घेतले. जुने सेल पुन्हा पट्टी लावून, या वेळी ज्याच्या त्याच्यासमोर आणि हो म्हणून घेऊन, डब्यात गेले. मी ते जळगावला आणले. तिघांनी मात्र जुना सेल खिशात घातला आणि नवा न घेता निघून गेले. त्यातली एक रमिलाची सख्खी मोठी जाऊ होती.

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. मोलगीची भगर आणि आमचूर मात्र नक्की घ्या, चव वेगळीच आहे.

घरी आल्यावर विक्रेत्याकडे तक्रार केली. उत्तर आलं: "माल वर्णनाप्रमाणे आहे." मी फोटोसकट अभिप्राय टाकला, दोन दिवसांनी तो दिसेनासा झाला, तारे होते तसेच. पुन्हा टाकला आहे. पुन्हा जाईल, पुन्हा टाकीन. ग्राहक तक्रारीचा अर्जही भरला आहे. जुनी पोस्ट काढून टाकली नाही, कारण ती काढणं म्हणजे माझी चूक लपवणं. वरती ठळक अक्षरांत लिहिलं: हा दुवा वापरू नका, मी तो दोन वर्षं तपासला नाही, त्यामुळे एका बाईवर चोरीचा आळ आला. यादीतल्या सोळा दुव्यांपैकी नऊ वस्तू पुन्हा मागवून तपासल्या आहेत, सात बाकी आहेत. त्या सातांवर तसं लिहिलं आहे. आणि कुठलीही वस्तू हातात विचित्र लागली, तर माझ्या लिहिण्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा, हेही.

हा लेख टाकण्याआधी रमिलाला फोनवर वाचून दाखवला. मी लेखात तिचं नाव बदललं होतं. उगाच चर्चा नको, असा माझा विचार. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, जाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. चोर म्हणून जे नाव सगळीकडे फिरलं ते माझं खरं नाव होतं. आणि चोर नाही हे लिहिताना तुम्ही दुसऱ्याच बाईचं लिहिणार?"

मी वरपासून सगळीकडे नाव दुरुस्त केलं.

रमिला वसावे, मोलगी. तिने कोणाचाही सेल विकलेला नाही.