अमेरिकेवर बोलू नका, हवालदार

बारा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात आमची बटालियन उत्तराखंडच्या डोंगरात अमेरिकन सैनिकांबरोबर संयुक्त सरावाला गेली होती. मी हवालदार, रेडिओ ऑपरेटर. गेल्या महिन्यात नारायण पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने मला आठवणी सांगायला बोलावलं, तेव्हा मी हाच विषय दिला: अमेरिकन सैनिक आणि त्यांचं संगीत. दोन दिवस आधी कार्यवाह बापटांचा फोन आला.

"अहो हवालदार, विषय जरा बदलता का? सध्या अमेरिकेचं नाव काढलं की लोक चिडतात. आपल्या मालावर कर लावलेत, व्हिसाचा घोळ घातलाय. तुम्ही सीमेवरचं काहीतरी सांगा. आणि त्यात ते संगीत लिहिलंय तुम्ही. त्यांना कसलं आलंय संगीत!"

"मग आपण दुसरा वक्ता बघा."

"पत्रिका वाटून झाल्यात."

"मग मी अमेरिकेवरच बोलणार."

आणि बोललो. जे बोललो ते इथे लिहितो.

सरावाचा दिनक्रम साधा होता. पाचला उठणे, साडेपाचला पीटी, साडेसातला नाश्ता, आठला ब्रीफिंग. रेडिओवर माझ्या जोडीला स्टाफ सार्जंट रे होता, वेस्ट व्हर्जिनियाचा. तिथे सगळे डोंगर आणि कोळशाच्या खाणी. उंच, कमी बोलणारा माणूस. माझा दुसरा सेट नाईक बाळू पाचंगे सांभाळायचा. बाळू सासवडकडचा, गोंधळ्याच्या घरातला. वडील संबळ वाजवायचे, हा तुणतुणं.

एका रविवारी दुपारी रे म्हणाला, "मी बँजो आणलाय." बाळूला वाटलं, आपल्याकडे वरातीत वाजतो तो, बटणांचा. रेने पेटी उघडली. आत चामडं ताणलेलं गोल वाद्य, वर लांब दांडा.

"आयला, हवालदार, हे तर तुणतुणंच हाय! तारा तेवढ्या जास्त हायेत."

मी इंग्रजीत सांगितलं. रे हसला नाही. म्हणाला, "हे आमचंही नाही. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी आणलं. आमच्या आजोबांनी त्यांच्याकडून घेतलं आणि स्वतःचं म्हणून सांगितलं." मग त्याने वाजवलं. बाळूने जेवणाच्या डब्यावर ठेका धरला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तासभर कुणाचं अडलं नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, आमची मिश्र तुकडी नाल्यावरच्या पायवाटेने निघाली. तीन दिवस पाऊस पडून गेला होता, त्या सकाळी लख्ख ऊन होतं. मी आणि रे पुढे. मागे कोलमन नावाचा अमेरिकन सैनिक आणि त्याच्यामागे बाळू. दहा चाळीसला वरून दगड गडगडल्याचा आवाज आला. मी वळलो. बाळूने दोन्ही हातांनी कोलमनला कड्याच्या आडोशाला ढकललं. पुढच्या क्षणी पायवाट नव्हती आणि बाळूही नव्हता.

"टायगर, धिस इज टायगर टू. लँडस्लाइड. एक माणूस गाडला गेलाय. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"टायगर टू, कोण? ओव्हर."

मी पुन्हा बटण दाबलं. "नाईक पाचंगे. ओव्हर."

रे तोवर खाली उतरून हाताने माती उपसत होता. मीही उतरलो. वरून अजून खडे येत होते. अकराला दोन मिनिटं कमी असताना माझ्या आणि रेच्या, दोन्ही सेटवर एकच हुकूम आला. उतार सोडा, मागे या. रेने आपल्या कॅप्टनला उत्तर दिलं, "निगेटिव्ह, सर. माझा बाप खाणीत असाच गाडला गेला होता. लोक मागे फिरले असते, तर मी जन्मलो नसतो."

आमचे मेजर साहेब रेडिओवर ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "तुझं काय?"

"सर, मी इथेच आहे."

साहेब म्हणाले, "वर एक माणूस नजर ठेवायला बसवा. शिट्टी वाजली की बाहेर. चालू ठेवा. आउट."

अकरा पंचवीसला बाळूचा हात लागला. बारा वाजता डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. रेच्या बोटांची नखं उखडली होती. तो बाळूच्या उशाशी बसला आणि वाद्याशिवाय गायला. खाणीच्या तोंडाशी बायका गातात तसलं गाणं आहे, एवढंच त्याने नंतर सांगितलं. शब्द मला निम्मेही कळले नाहीत. कोलमन शेजारी हेल्मेट हातात घेऊन उभा होता.

आता माझी मतं. बापटांना नको होती, पण ती आहेतच.

मी हडपसरला राहतो. शेजारचे साने अमेरिकेला स्वर्ग म्हणायचे, कारण मुलगा तिकडे आहे. व्हिसा अडकल्यापासून नरक म्हणतात. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. आपली पोरं बेड्या घालून विमानातून परत पाठवली, ते टीव्हीवर बघून माझं डोकं फिरलं. मी रेला सरळ लिहिलं, तुमच्या सरकारला लाज वाटायला हवी. त्याचं उत्तर आलं: "तुझा राग बरोबर आहे. माझ्या भावाला हा निर्णय पसंत आहे. आम्ही दोघं महिनाभर बोललो नाही." त्याच्या गावची खाण बंद पडली, दुकानं बंद पडली, शाळा दुसऱ्या गावाला नेली. तिथला माणूस रागात कुणालाही मत देईल. ते मला पटत नाही, पण कळतं. मुळशीपासून हडपसरपर्यंत माणसं एक नाहीत, तर एवढा मोठा देश एक कसा असेल?

सभागृहात पुढच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले. "म्हणजे आपल्या मते त्यांनी कर लावले ते योग्य?"

"साफ चूक. पण मास्तर, त्यासाठी मी रेला शिव्या देणार नाही."

"आणि त्यांच्या संगीताचं एवढं काय कौतुक?"

मी खिशातून मोबाइल काढला. रेने पाठवलेलं त्याच्या गाण्याचं रेकॉर्डिंग माइकपाशी धरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "हे इथे चालणार नाही." मी आवाज वाढवला. चार मिनिटं पूर्ण वाजू दिलं. तीनजण उठून गेले. बाकीचे बसले. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "गोंधळात आईला साद घालतात, तसं आहे थोडं." मी म्हटलं, बाळू हेच म्हणाला असता, फक्त एवढं सभ्यपणे नाही.

बापटांनी घंटा वाजवली. "वेळ संपली, हवालदार."

"नाव राहिलंय," मी म्हणालो.

नाईक बाळू तुकाराम पाचंगे. वय अठ्ठावीस. मागे बायको आणि दोन वर्षांची मुलगी. गावच्या वेशीवर शहीद स्तंभ आहे, त्यावर त्याचं नाव नाही, कारण तो लढाईत गेला नाही, सरावात गेला, आणि वाचवला तोही परका. मी ग्रामपंचायतीकडे तीनदा अर्ज केला, तीनदा नाही म्हणाले. चौथा केला आहे. तोवर जिथे मला उभं करतील तिथे मी त्याचं नाव घेईन, विषय कुणाला रुचो वा न रुचो.