गप्पा शून्य

बिराजदार बाईंच्या घरी ‘या, बसा’ असं स्वागत मी कधी ऐकलं नाही. दार उघडताच हुकूम सुटायचा. ‘चप्पल आत घ्या, कुत्रं नेतंय.’ ‘पंखा दोनवर ठेवा.’ सोलापुरातल्या एकाच शाळेत आम्ही होतो. त्या चौथीच्या वर्गशिक्षिका, मी संगणक शिकवायचो, आणि राहायचोही समोरासमोर. मुख्याध्यापकसुद्धा त्यांच्यापुढे आपोआप सरळ उभे राहत. निवृत्तीनंतर हुकूम ऐकायला कोणी उरलं नाही, आणि नेमका तेव्हाच शेतीचा एक ऑनलाइन गेम त्यांच्या हाती लागला.

तो त्यांच्या मुलीनं, सुजातानं, पुण्याहून येऊन लावून दिला होता. पोरीचा डाव वेगळाच होता. तिनं कुर्डुवाडीच्या मामालाही त्याच गेममध्ये ओढलं आणि दोघांची शेतं शेजारी घेतली. कारण बाई आणि हे मामा, म्हणजे अण्णा, या बहीणभावाचं बोलणं बंद होतं. सुजाताच्या लग्नाची पत्रिका बाईंनी अण्णांना फोनवर पाठवली होती. मामाला पत्रिका घरी जाऊन, कुंकू लावून, हातात द्यायची असते. लग्नाच्या गडबडीत ते राहून गेलं. रेल्वेतून निवृत्त झालेले अण्णा अक्षतेला आलेच नाहीत. नवरीला मांडवात आणायला दुसरा माणूस शोधावा लागला.

‘चूक माझी, कबूल की,’ बाई म्हणायच्या. ‘पण मोठा आहे तो. आधी त्यानं बोलावं. एक शब्द बोलू दे, पुढच्या गाडीनं कुंकू घेऊन जाते.’

बाईंची बोटं दुखायची, सारखा माउस दाबणं जमेना. म्हणून मी त्यांना एक मॅक्रो करून दिला. पेरणी, पाणी, काढणी ही गेममधली तीच ती कामं तो आपोआप करी. त्याच्या सेटिंगना मी साधी मराठी नावं दिली होती. चौकटीत ‘पाणी २’ असं टाइप केलं की दोनदा पाणी. ‘पेरणी ०’ म्हटलं की पेरणी थांबली. बाई हरखून गेल्या. ‘सांगितलं की ऐकतंय! माझ्या वर्गात असं एक पोरगं नव्हतं हो सर!’

त्यांनी पहिला हुकूम दिला तो ‘शेजार १’. लगेच मॅक्रो आधी अण्णांच्या मिरच्यांना पाणी घालू लागला. दुसरा हुकूमही लक्षात आहे. गेममधली अनोळखी पोरं पडद्यावर सारखं काहीबाही लिहीत. बाईंनी चष्मा सावरला आणि ‘गप्पा ०’ ठोकून दिलं. सगळं लिहिणं गायब. ‘वर्गात आवाज नको,’ त्या म्हणाल्या. मी पोट धरून हसलो आणि ते विसरूनही गेलो.

अण्णा रोज सकाळी कुंपणाशी येऊन बाईंच्या वांग्यांना पाणी घालत. मॅक्रोबिक्रो काही नाही, स्वतःच्या हातानं. बाई चहाचा कप घेऊन पडद्यापुढे बसत. ‘आला बघा. थांबलाय कसा बघा! पण तोंड उघडेल तर शपथ. रेल्वेचा माणूस, सिग्नल पडल्याशिवाय हलायचा नाही.’ हे म्हणताना हसत, पण अण्णांची बाहुली वळून जाईपर्यंत त्यांचा चहा गार झालेला असे.

मागच्या उन्हाळ्यात बाई पहाटे झोपेतच गेल्या. आदल्याच दिवशी पंख्यावरून मला बोलल्या होत्या. माझा विश्वासच बसेना. सुजाता पुण्याहून निघाली होती, म्हणून बाईंच्या घरातूनच अण्णांना फोन मी लावला.

‘कोण गेली म्हणता?’

‘बाई. तुमची बहीण.’

‘उगं कायबी बोलू नका! आत्ता माझ्या मिरच्यास्नी पाणी घालतीया की ती. डोळ्याम्होरं हाय माझ्या.’

मी मागे वळून पाहिलं. संगणक चालूच होता आणि बाईंची बाहुली झारी घेऊन कुंपणाशी फिरत होती. मी अडखळत अण्णांना मॅक्रो समजावून सांगितला.

‘म्हंजे मी बोलत हुतो ते कुणासंगं?’ त्यांनी विचारलं. ‘रोज इचारतो मी तिला. उत्तर न्हाय. लई राग हाय म्हणलं. भाचीला तरी कुठल्या तोंडानं सांगू, बहीण बोलत न्हाय म्हणून?’

फोन तसाच कानाला ठेवून मी ‘गप्पा १’ टाइप केलं. पडद्याच्या कोपऱ्यात पोरांची बडबड उसळून आली आणि तिच्यात त्या सकाळची एक ओळ होती. ‘कले, बरी हायस का?’ बाईंना असं नावानं हाक मारणारे एकटे अण्णाच. बाई गेल्याचं कळलं तेव्हा बसला नव्हता असा धक्का मला त्या ओळीनं बसला.

दुपारी अण्णा आले. पांढरा सदरा, हातात काही नाही. बहिणीजवळ बसून झाल्यावर ते संगणकापाशी आले आणि वाकून आपलीच ओळ वाचू लागले.

‘हे तिला दिसतच न्हवतं?’

‘नाही.’

‘म्हंजे रागानं गप न्हवती.’

‘नव्हत्या हो अण्णा. तुम्हीच बोलत नाही, असं वाटायचं त्यांना. एक शब्द बोललात की पुढच्या गाडीनं निघणार होत्या.’

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून हळूच म्हणाले, ‘माझं घर ठेसनाला लागूनच हाय, सर.’