आरशावरचं कुंकू

बीबी गावचा इंद्रभान कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. शिक्षण चौथीपर्यंत, पण हात असा की वामनराव सरांचं त्याच्यावाचून पान हलायचं नाही.

सरांना ध्यास एकच. लोणारच्या सरोवराकाठी वास मारतो ना, त्या हवेतला विरळ वायू लेझरच्या उजेडाने ओळखायचा. उजेड हवेतून एकदा गेला तर काही पत्ता लागत नाही. म्हणून समोरासमोर, किंचित उजेड आरपार सोडणारे दोन आरसे आणि मध्ये हवेची नळी. उजेडाने शेकडो येरझारा घातल्या, तरच तो वायू सापडणार. पण पहिल्या आरशातून उजेड आत शिरेल तेव्हा ना! सुई ओवावी तसा श्वास रोखून इंद्रभान स्क्रू केसभर फिरवायचा, आणि पलीकडच्या कागदावर लाल ठिपका लख्ख उमटायचा. "जमलं बे, इंद्रभान!" सर टाळीच वाजवायचे.

सहा वर्षं पत्रं लिहून सरांनी ते आरसे परदेशातून मिळवले होते. "बोट लावू नको, पुसू तर नकोच," एवढंच त्यांनी बजावलं होतं.

त्र्याहत्तर सालची खंडेनवमी आली. तराजूपासून पंपापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं लागली. मग सरांचा जीव ज्यात, तेच यंत्र काऊन कोरडं ठेवायचं? इंद्रभानने जपून चौकटीलाच कुंकू लावलं. मेलं नेमकं आरशावर सांडलं! घाबरून त्याने धोतराच्या सोग्याने ते खसाखसा पुसलं. आरसा वरून चकचकीत दिसला, पण बारीक ओरखडे पडले ते पडलेच.

दसऱ्यानंतर ठिपका फिकट झाला. आत शिरलेला उजेड टिकेचना. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

"इंद्रभान, आरशावर डाग तर नाही ना? नीट पाहून सांग."

"नाही जी. साफ हाये."

घरी बायको वच्छलाबाई रोज म्हणायची, "सांगून टाका ना जी. सर काही खाऊन नाही टाकत तुमाले." हा म्हणायचा, उद्या सांगतो. अरे, कसला उद्या! त्या उद्यात वर्ष गेलं. सरांनी कागद बांधून ठेवले आणि निवृत्त झाले.

निरोपाच्या दिवशी सर भरल्या सभेत म्हणाले, "प्रयोग फसला तो माह्या गणितानं. या इंद्रभानचा हात कधी चुकला नाही."

इंद्रभानला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. टाळ्या पडल्या. त्यालाही वाजवाव्या लागल्या.