लाल पट्टीवरचं घर

व्हिडिओ कॉलवर मुक्ता बोलत होती आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. ती रस्त्यावर असेल असं मला वाटलं, पण मागे ओटा दिसत होता. इंग्लंडमधल्या भाड्याच्या घरात, स्वतःच्या स्वयंपाकघरात माझी लेक उभी होती.

तिकडे प्रत्येक घर ऊब किती राखतं याची सरकारी श्रेणी असते आणि ती कुणालाही बघता येते, हे तिनेच मागे सांगितलं होतं. फोन ठेवून मी इथे नागपुरात, अंगणातल्या उन्हात बसून तिचा पत्ता शोधला. पडद्यावर चांगल्या घरांच्या हिरव्या पट्टीपासून वाईटांच्या लालपर्यंत पट्ट्या उतरत गेल्या होत्या. तिचं घर सगळ्यात खाली, लाल पट्टीवर होतं. भिंतींत ऊब धरणारं काही नाही, छतातही नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. भर उन्हात माझे हात गार पडले.

घरातून ऊब किती निसटते हे कुणीतरी मोजतं. दूर गेलेल्या मुलीचं खरं कसं चाललंय, हे आईने कुठे बघायचं? हसण्यावरूनच ओळखायचं, आणि मुक्ता तर कायम हसते.

मी पुन्हा फोन लावला. "घर उबदार आहे म्हणाली होतीस ना गं?"

"आहे की."

"मी श्रेणी बघितली, मुक्ता."

ती लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "आई, खूप थंडी वाजते गं."

गेल्यापासूनची तिची ही पहिली तक्रार होती.