पुसलेल्या हार्डडिस्कवरचं नाव

या सदरात लोक काय काय लिवतात... पांढरी साडी, पिंपळ, उलटे पाय! वाचूनच चीड येते. मी चौथी शिकलेला गवंडी माणूस, अकोल्यात जुन्या शहरात राहतो. ओळंब्याच्या दोरीत सरळ बसते तेच खरं मानतो. भूतबित आजही मानत नाही — आधीच सांगून ठेवतो.

बायको वारली त्याले दोन वर्सं झाले. अमरावतीच्या पोरीनं तिले आपला जुना लॅपटॉप देला होता. म्हातारपणी टायपिंग शिकली. मी खोलीत गेलो का झाकण बंद! मी म्हणो, "काय, कलेक्टर व्हायचं हाये काय?" ती नुसती हसे.

मांगच्या महिन्यात माह्याच हातून त्याची स्क्रीन फुटली. म्हटलं, दुरुस्त करून विहारातल्या अभ्यासिकेले देऊन टाकू. पोरगी फोनवर म्हणे, "बाबा, आईनं लिवलेलं हाये त्याच्यात. आधी काढून घेजा."

"काय लिवलं असन? माह्या कागाळ्याच ना!"

"वाचून त पाहा!"

"काही गरज नाही."

खरं म्हणजे मले त्या कागाळ्यांचीच धास्ती होती.

मोर्णा नदीजवळ रफिकभाईचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं समोर बसून हार्डडिस्क पुसून घेतली. त्यानं ती आपल्या कॉम्प्युटरले लावून दाखवली. आत सारं कोरं... पण डिस्कच्या नावाच्या जागी मराठीत लिवून होतं — सुखदेव.

ते माहं नाव.

"हे माहं नाव तूच टाकलं!" मी भडकलो.

"चाचा, सारा मोहल्ला तुमाले मिस्तरी म्हणते. तुमचं नाव मले आज मालूम पडलं!"

त्यानं पुन्हा पुसली. पुन्हा सुखदेव. तिसऱ्यांदा पुसली, तरी तेच. पोरीले फोन लावला. म्हणे, "मी नाही टाकलं. आईनं टाकलं असतं तरी पुसल्यावर उरन कसं?"

आमच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. एकेचाळीस वर्सांत तिनं एकदाही घेतलं नाही. दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव इचारलं, त माह्याकडं बोट दाखवलं.

शिकलेले लोक म्हणतीन, मशीनची गडबड असन. असन बाप्पा! मंग रफिकभाईले ती काहून नाही सापडली?

अभ्यासिकेले लॅपटॉप नवीन डिस्क टाकून देला. जुनी माह्या अवजाराच्या थैलीत आहे, ओळंब्याजवळ. बाकी सारं मी न वाचताच पुसलं. नाव तेवढं उरलं... पण ते लाडानं घेतलं का रागानं, हे सांगायले आता एक अक्षर नाही.